चारशे अकरा नावांचा माणूस

आमच्या ख्रिस्ती मंडळीत ‘तुमच्यासाठी प्रार्थना करीन हं’ हे वाक्य फार स्वस्त होतं. ‘या एकदा घरी’ म्हणावं आणि पत्ता देऊ नये, त्यातलाच प्रकार. रविवारची उपासना संपते, चपला शोधता शोधता कुणी सांगतं की सासूचे गुडघे धरलेत, धाकट्याला नोकरी नाही. आपण चेहरा थोडा पाडायचा, हे वाक्य टाकायचं आणि रिक्षा गाठायची. मी स्वतः ते हजार वेळा तरी टाकलं असेल. प्रार्थना किती वेळा केली, ते माझ्या बायकोला विचारू नका. तिला सांगायला फार आवडेल.

हे वाक्य शब्दाला जागून पाळणारा एकच माणूस ऐरोलीत होता. धर्मराज भिंगारदिवे.

सिडकोच्या एकाच इमारतीत मी तळमजल्यावर आणि तो माझ्या डोक्यावर. मूळचा नगरकडचा, राहुरीजवळच्या खेड्यातला. आमची निम्मी मंडळी त्याच बाजूची. रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत तो बॉयलर सांभाळायचा. काटकुळा, कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं आणि चेहऱ्यावर नेहमी असा भाव, की गॅस बंद केला की नाही हे आठवत नाहीये. बायको नव्हती. एकच मुलगी, शलोमी. बापाच्या अगदी उलट. हसायला लागली की सगळ्या इमारतीत ऐकू यायचं.

तेव्हा आम्हाला चर्चची इमारत नव्हती. रविवारी एका शाळेचा वर्ग भाड्यानं घ्यायचो आणि तिसरीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून गायचो. बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. तिथं श्रीखंडाचा रिकामा डबा फिरायचा. ज्याला जे दुखतंखुपतं त्यानं ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं आणि शेवटी प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची. आठवडाभर त्या माणसासाठी प्रार्थना करायची, असा रिवाज. आमच्या चिठ्ठ्या शर्टाबरोबर धुतल्या जायच्या. धर्मराज मात्र आपली पाठ करायचा आणि दुसऱ्या बुधवारी नवी उचलली तरी जुनी सोडायचा नाही. त्याला सोडायला सांगणार कोण? काम झालं की ते कळवायला कुणी परत येत नाही. एका मास्तरांनी एक्क्याण्णव साली बदलीसाठी चिठ्ठी टाकली होती. बदली झाली, मास्तर कोपरगावला गेले, तिथूनच रिटायर झाले. शहाण्णव उजाडलं तरी धर्मराज रोज पहाटे त्यांची बदली मागत होता.

मी म्हटलं, “अरे, आता त्यांची बदली कुठं करतोस? वर?”

तो हसला नाही. तोंडावरचा रंगच उडाला त्याच्या. “असं बोलू नका काका,” म्हणाला आणि जिना चढून गेला. दोन मिनिटांनी डोक्यावर गुडघे टेकल्याचा आवाज आला. त्या दिवशी मास्तरांना जास्तीची प्रार्थना मिळाली असणार.

आता माझा गुन्हा सांगतो. चौऱ्याण्णव साली बाबासो आढाव नावाच्या ठेकेदाराचं आणि धर्मराजचं हार्मोनियमवरून वाजलं. पेटी कुणाच्या घरी ठेवायची, एवढंच. त्याच आठवड्यात बाबासोची नवी कोरी स्कूटर चोरीला गेली. मी तीन घरी चहा प्यायला गेलो आणि तिन्ही घरी आवाज खाली आणून म्हणालो, “भिंगारदिव्यानं प्रार्थनेतून नाव काढलं म्हणे त्याचं.” काढलं-बिढलं काही नव्हतं. मला आपली गंमत. पण पुढच्या बुधवारी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण लागेना. माणसं थेट त्याच्या दारात येऊ लागली. ज्यांचा येशूशी काडीचा संबंध नाही असे सोसायटीतले शेजारीसुद्धा ‘आमच्या केयूरची बारावी आहे’ म्हणून नाव देऊन गेले. त्यानं कुणाला नाही म्हटलं नाही.

शहाण्णवच्या पावसाळ्यापर्यंत नावं झाली चारशे अकरा. वही नाही, कागद नाही, सगळी तोंडपाठ आणि ठरलेल्या क्रमानं. पहाटे चारला उठायचा, साडेसहापर्यंत चालायचं, सातला कंपनीच्या फाटकात. शलोमीचं नाव शेवटी. तिथवर पोचल्याशिवाय आपल्याला उठताच येऊ नये, म्हणून त्यानं ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

हे मला त्यानं सांगितलं त्या दिवशी माझी थट्टा पहिल्यांदा घशात अडकली. शलोमी बाळंतपणासाठी माहेरी आली होती. जावई सोलापूरला रेल्वेत. संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीत उभे होतो. मी म्हटलं, “आजोबा होणार आता. नातवाचा नंबर चारशे बारा.”

“काका,” तो कठड्याकडे बघत म्हणाला, “राजाबाई गेली त्या दिवशीचं तुम्हाला माहीत नाही.”

राजाबाई त्याची बायको. नव्वद साली ठाणे-बेलापूर रोड ओलांडताना टँकरखाली गेली, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

“त्या दिवशी मला उठायला उशीर झाला. फक्त शलोमीसाठी आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. तिचं नाव राहिलं. आदल्या दिवशी भांडण झालं होतं आमचं. रागानं राहिलं का उशिरानं राहिलं, मला आजपण सांगता येत नाही. साडेनवाला कंपनीत निरोप आला.”

“अरे, टँकरवाला दारू प्यायला होता.”

“हो. पण नाव राहिलं होतं.”

खाली शलोमी कुणाशी तरी मोठ्यानं हसत होती आणि तिच्या प्रत्येक हसण्याला याची बोटं कठडा घट्ट धरत होती.

दिवाळीनंतर एक दिवस वामन पाटील माझ्या दारात आला. घणसोली गावचा, धर्मराजच्याच शिफ्टला बॉयलरवर मदतनीस. बसा म्हटलं तरी बसला नाही.

“काका, तुमच्या वरच्या मानसाला समजवा. आज बॉयलरसकट आमी सगली उरालो असतो.”

“झालं काय?”

“ह्यो डोलं मिटून बसलेला. ओठ हलतान. मी काचंकडं बगतो त पानीच नाय.”

बॉयलरला एक उभी काच असते. आतलं पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. तिच्यावर नजर ठेवणं हीच धर्मराजची नोकरी. पाणी संपलं आणि आग चालू राहिली, तर पुढचं सांगायला कुणी उरत नाही. पाणी कमी झालं की वाजणारी घंटा दोन महिने बंद होती; साहेब लोक ‘बघू’ म्हणत होते.

“मग?”

“मंग काय, मी बर्नर बंद केला नि त्याला धरून भायेर वडला. तवा त्याचं डोलं उघडलं. आन मला काय बोलतो म्हायती हाय? ‘थांब, बावीस रायलीत.’ बावीस काय, मला कललं नाय.”

मला कळलं. त्या दिवशी पहाटे शलोमीच्या पोटात दुखलं म्हणून त्याचं अर्धवट राहिलं होतं. उरलेलं तो बॉयलरपुढं बसून पुरं करत होता. शेवटच्या नावापर्यंत पोचायचंच होतं.

“परत असा केला त मी सायबाला सांगनार,” वामन जाता जाता म्हणाला. “देवाचा मानूस हाय, पन माजी पन पोरं हायेत.”

त्या रविवारी मी धर्मराजला पाळकसाहेबांपुढं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंपुढं, उभं केलं. पाळकसाहेब ठाण्याहून स्कूटरवर यायचे, जरा घाईतच असायचे. सगळं ऐकून म्हणाले, “भिंगारदिवे, थोडी नावं कमी करा.”

“कुणाला कमी करू साहेब?”

पाळकसाहेबांनी हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. वर्गात अजून तीसचाळीस माणसं रेंगाळत होती आणि सगळ्यांनी कान टवकारले होते. साहेब हळूच म्हणाले, “ते तुम्ही बघा. माझं मात्र असू द्या.”

म्हणजे तिथंही भीतीच. ही भीती आमच्यात कधी शिरली ते कळलंच नाही. तोंडानं आम्ही प्रभूवर भरवसा ठेवतो म्हणायचो आणि मनातून भिंगारदिव्यांचा घसा बसू नये म्हणून जपायचो. एकदा त्याला पडसं झालं तर सहा घरांतून काढा आला.

शेवटी मी गेलो दिघ्याला, शेवंताबाईंकडं. मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. सत्त्याहत्तर वय, दमेकरी, भाच्याच्या दोन खोल्यांत राहायच्या. आमच्या मंडळीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, शलोमीसुद्धा. त्यामुळं कुणालाही काहीही बोलायचा त्यांना परवाना. मी सगळं मीठमसाला लावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “स्कूटरचं तूच उठवलंस ना? तुझा वास येतो त्याला.” मग म्हणाल्या, “घेऊन ये त्याला.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धर्मराज खाटेसमोर स्टुलावर बसला. मी दारात.

“काय रं धर्मा, माझं नाव हाय का तुझ्यात?”

“हाय की मावशी. एकशे सतरावं.”

“कशापायी?”

“दम्यासाठी.”

“दमा गेला का?”

“नाही अजून.”

“मग काढ.”

त्याला वाटलं थट्टा आहे. मलाही वाटलं.

“म्हातारी भ्रमिष्ट झाली न्हाई,” त्या म्हणाल्या. “उद्यापासनं माझं नाव घ्यायचं न्हाई. नाताळापर्यंत. आन मी जिती ऱ्हायले, तर शलोमीचं बी सोडायचं. लेकीवर माया कर, तिच्या डोईवर हात ठेव, तिला खायला घाल. पर ही मोजणी सोडायची.”

“आणि तुम्हाला काही झालं तर?”

“तर सत्त्याहत्तर वर्साची बाई मेली म्हणायचं. त्यात बातमी काय?”

“मावशी, मला नाही जमणार.”

“का? तुझा भरवसा कुणावर हाय ते सांग. त्याच्यावर, का तुझ्या पाठांतरावर?” दम लागला म्हणून त्या थांबल्या. “देवाचा तू हमाल केलास, धर्मा. तू नाव पुकारायचं, त्यानं वझं उचलायचं. एखादं नाव ऱ्हायलं की त्यानं वझं रस्त्यात टाकायचं. असला देव मला नको बाबा. मला भ्या वाटंल त्याचं.”

“मला वाटतंच,” धर्मराज म्हणाला.

एवढं खरं तो त्याआधी कधी बोलला नव्हता. मग त्यानं मान हलवली. कबूल.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. दुसऱ्या दिवसापासून धर्मराज शिफ्ट सुटली की रबाळ्याहून थेट दिघ्याला. रोज. लांबून आधी बघायचा, गल्लीत गर्दी तर नाही ना. मग दारातून डोकवायचा. शेवंताबाई आतून ओरडायच्या, “आला का पंचनाम्याला? चालतोय श्वास. जा घरी.” मी एकदोनदा बरोबर गेलो. एकदा शेजारी कुणाच्या तरी दारात माणसं जमली होती. रॉकेलवरून भांडण चाललं होतं. धर्मराज तिथंच भिंतीला टेकला आणि मला म्हणाला, “काका, तुम्ही बघून या. मला नाही जाववत.” मी आत जाऊन आलो. म्हातारी शेंगा सोलत बसली होती. बाहेर येऊन सांगितलं तरी त्याला उठायला पाच मिनिटं लागली.

मी मनात म्हणत होतो, चला, एक एक दिवस जातोय. मंडळीतल्या दोनचार जणांना मी सांगितलंही होतं, म्हणजे सगळ्यांनाच. आणि आमची माणसं बघा: एकानंही म्हटलं नाही की माझंही नाव काढ. सगळे लांबून बघत बसले, शेवंताबाई टिकतात का.

डिसेंबरच्या मध्याला थंडी पडली. सकाळी एमआयडीसीचा धूर खाली उतरून बसायचा. चांगल्या माणसाला खोकला यायचा. शेवंताबाईंचा दमा उचलला. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, दवाखान्यात न्या म्हणाले. बाई नको म्हणाल्या. “मी आयुष्य तिथं घालवलंय. मरायला परत कामावर कशाला जाऊ?”

धर्मराजनं पायाशी बसून विनवण्या केल्या. “मावशी, मला परत नाव घेऊ द्या. सोडा ती अट.”

“न्हाई.”

“तुमच्या पाया पडतो.”

“पाय गार पडलेत, चोळ त्यापेक्षा.”

त्यानं चोळले.

नाताळाला चार दिवस होते. शनिवार, दुपारची वेळ. धर्मराजनं रजा टाकली होती. भाच्याची बायको पाणी तापवत होती, मी खिडकीशी. शेवंताबाईंना उशांना टेकवून बसवलं होतं. श्वास असा यायचा की मधे थांबला की आपणही थांबायचं. त्यांनी बोटानं धर्मराजला जवळ बोलावलं.

“धर्मा, खरं सांग. माझं नाव घेतोस का?”

त्यानं तिचं पांघरूण सारखं केलं.

“मेल्या, आता तरी खोटं बोलू नको.”

“घेतो मावशी,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासनं. दोनदा घेतो. सुरुवातीला आणि शलोमीच्या आधी.”

म्हातारी हसली. हसता हसता खोकली, आणि खोकताना डोळ्यातून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही.

“मला वाटलंच हुतं,” ती म्हणाली. मग बराच वेळ श्वास गोळा करून म्हणाली, “म्हंजी… घेऊन बी चाललेच की मी.”

मी धर्मराजकडं पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. ते वाक्य त्याच्या आत उतरताना मला दिसलं, आणि खरं सांगतो, ते बघवेना. महिनाभर तो ‘नाव राहिलं तर काय होईल’ या भीतीत होता. आता त्याच्यासमोर त्याहून मोठी भीती उभी होती. नाव राहिलं नव्हतं. दोनदा घेतलं होतं. आणि बाई चालली होती.

तीनच्या सुमाराला शेवंताबाई गेल्या. शेवटी त्या कुणाशी बोलल्या नाहीत. एक हात धर्मराजच्या डोक्यावर होता, तो तसाच राहिला. काढायला त्यालाच सुचेना.

दफनविधीनंतर दोन दिवस तो कामावर गेला आणि आला. पहाटे चारला माझ्या डोक्यावर पावलं वाजायची. गुडघे टेकल्याचा आवाज मात्र येईना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. तिसऱ्या दिवशी मी जिन्यात त्याला गाठलं.

“धर्मराज, चालू आहे का बंद?”

“कळत नाही काका.” तो पायरीवर बसला. “आधी निदान हातात काहीतरी होतं. भीती होती, पण काम होतं. आता शलोमीला धरायला माझ्याकडं काही नाही.”

मी त्याच्या शेजारी बसलो. काहीतरी द्यावं म्हणून मी माझं पाप दिलं. “ते स्कूटरचं… तू नाव काढलंस, असं मीच पसरवलं होतं.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“तेव्हाच कळलं होतं. स्कूटर बाबासोच्या मेव्हण्यानंच नेली होती, नंतर परत आणून दिली. मी कुणाला बोललो नाही.” तो पायरीच्या कडेवर नख घासत राहिला. “मला आवडलं होतं काका. राजाबाई गेल्यापासून मी कुणाच्या नजरेतच नव्हतो. मग माणसं दारात यायला लागली. घाबरून का होईना, सलाम करायला लागली. मला वाटायचं मी त्यांना धरून आहे. त्यांना सोडलं असतं, तर मी कोण राहिलो असतो?”

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीच पहिले.

नाताळानंतरच्या रविवारी साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायची, वेळ झाली तेव्हा धर्मराज उठला. तिसरीच्या बाकातून उठताना गुडघा अडकला, दोन पोरी फिदीफिदी हसल्या. तो फार हळू बोलला.

“तुम्ही मला नावं दिलीत. मी ती रोज घेतली. पण प्रेमानं नाही घेतली, भीतीनं घेतली. एक नाव राहिलं तर माणूस मरतो असं मला वाटायचं. म्हणजे जगवणारा मीच, असं मला वाटायचं. हे पाप आहे. आजपासून मी ती यादी म्हणणार नाही. ज्याचं त्यानं आपलं नाव घरी न्यावं आणि स्वतः प्रार्थना करावी. एकमेकांसाठी करावी. मला माफ करा.”

आणि बसला.

वर्गात आधी बाकं करकरली. मग कुजबुज. पहिल्या बाकावरची बाई रडायलाच लागली, तिचा मुलगा आखातात होता. बाबासो मोठ्यानं म्हणाला, “असं मधेच कसं सोडता येईल? निदान महिनाभर आधी सांगायचं.” कुणी मागून म्हणालं, शेवंताबाईंचं बघितलं ना. माझ्या बायकोनं मला चिमटा काढला. आमचं नाव बहात्तरावं. आणि मी, जो त्याला गेली पाच वर्षं हसत होतो, त्या माझ्या पाठीतून गार काहीतरी खाली गेलं. सोमवारी बाबासोनं स्कूटरला दुसरं कुलूप लावलं. मी रस्ता ओलांडताना दोन्हीकडं तीनतीनदा बघायला लागलो.

जानेवारीच्या दहा तारखेला सकाळी शलोमीला वाशीच्या दवाखान्यात नेलं. रिक्षात तिच्या एका बाजूला माझी बायको, दुसऱ्या बाजूला धर्मराज, मी ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर. जावई सोलापूरहून निघाला होता. अकराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बीपी वाढलंय, बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझेरियन लगेच करावं लागेल. सही करा.

धर्मराजला पेन धरता येईना. खिशात दोन होती, एकही चालत नव्हतं म्हणाला. चालत होतं, हातच चालत नव्हता. मी त्याचं मनगट धरलं. सही झाली ती त्याच्या सहीसारखी दिसत नव्हती, पण घेतली त्यांनी. स्ट्रेचर जाताना शलोमी म्हणाली, “पप्पा, टेन्शन नका घेऊ,” आणि हसली. ते हसणं दाराच्या पुढं ऐकू आलं नाही.

आम्ही बाकावर बसलो. माझी बायको आतल्या बाजूला कुठं बसायला मिळतं का बघायला गेली. मी धर्मराजकडं पाहिलं तर त्याचे ओठ हलायला लागले होते. आपोआप. एक, दोन, तीन, पाठ केलेल्या क्रमानं नावं येत होती आणि त्याला ती आवरत नव्हती.

त्यानं माझा हात पकडला. “काका, बोला माझ्याशी.”

“काय बोलू?”

“काहीही. तुमच्या त्या गप्पा. थांबू नका.”

आयुष्यात मला असं कुणी सांगितलं नव्हतं. मी सुरू झालो. उजव्या बाकावरच्या सिस्टरचं कुणाशी जमतंय. बाबासोच्या मेव्हण्यानं स्कूटर कशाला नेली होती, कुठल्या बाईला फिरवायला. केयूर बारावीत नापास झाला आणि घरी पास सांगून पेढे वाटले. पाळकसाहेबांची बायको त्यांना हेल्मेट घरातही घालायला लावते. कोपरगावच्या मास्तरांनी दाढी वाढवली आणि कंटाळा आला म्हणून शेळ्या घेतल्या.

“मास्तरांनी शेळ्या घेतल्या?” धर्मराजनं विचारलं.

“चार. एकीचं नाव बायकोचं ठेवलंय.”

“मला वाटलं ते अजून…” तो थांबला. सहा वर्षं ज्या माणसाचं नाव रोज घेतलं, त्याचं पुढं काय झालं हे त्याला आजच कळत होतं. “आणखी सांगा. तो आखातातला मुलगा कसा आहे?”

मी सांगत गेलो. माझा घसा सुकला, घड्याळात पाऊण तास गेला. दार उघडलं तर एक आया बादली घेऊन गेली. पुन्हा उघडलं तर सिस्टर.

“मुलगी झाली. बाळ चांगलं आहे.”

“आणि शलोमी?”

“रक्त जास्त गेलंय. बाटली लावलीय. अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर आहेत आत.” दार बंद.

मी परत तोंड उघडलं. धर्मराजनं हात वर केला. “आता नको काका.”

त्यानं पाठ भिंतीला टेकली. दोन्ही तळहात मांडीवर उताणे. ओठ बंद. डोळे उघडे, समोरच्या दारावर. भीती त्याच्या अंगातून हटली नव्हती. पण यादी येत नव्हती. तो तसाच बसून राहिला. त्याच्याकडं शलोमीसाठी देण्यासारखं, सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तो त्या रिकाम्या हातांनी बसला होता.

माझंच मला बरंच उशिरा कळलं. मी पुटपुटत होतो. शलोमी, शलोमी, शलोमी. न थांबता, मोजल्यासारखं. एक राहिलं तर, असं मनात येत होतं.

धर्मराजनं न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “काका,” तो म्हणाला, “एकदा पुरे.”

मग त्या कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघं म्हातारे गप्प बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. घड्याळाकडं बघायचं धाडस नव्हतं.

दार उघडलं. “भिंगारदिवे कोण? पेशंट शुद्धीवर आलीय. पप्पांना बोलावतेय. एकानंच या.”

तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. चपला तिथंच राहिल्या, अनवाणीच आत गेला. दार पुरतं लागलं नव्हतं, बोटभर फट होती. मी त्या फटीला कान लावला नाही. लावावासा वाटला, हे कबूल करतो.